गच्चीवरील परस : आधीं माती, मग बीं

घरीं भाजी लावावी असें मनांत आलें कीं मनुष्य प्रथम बियांच्या दुकानाकडे धांवतो. आम्हींही तसेंच केलें आणि पस्तावलों. पुण्यांतील आमचा जुना वाडा पाडून त्या जागीं चौमजली इमारत उभी राहिली, तेव्हां मातोश्रींचें परस गेलें. अळूचा वाफा, कढीलिंब आणि न्हाणीच्या पाण्यावरची केळ यांत त्यांची सकाळ जात असे. नव्या घरांत त्यांनीं तक्रार अशी केली नाहीं. पण रिकाम्या हातांनीं खिडकीशीं बसलेल्या त्या आम्हांस पाहवेनात. म्हणून गच्चीवर बारा कुंड्या मांडल्या.

शेतांतील काळी माती आणवून त्या कांठोकांठ भरल्या. पावसांत तिचा चिखल झाला व कोथिंबीर कुजली. उन्हाळ्यांत तिलाच बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मातोश्री एवढेंच म्हणाल्या, "अरे, बीं काय करील बापडें? त्याला श्वास घ्यायला जागा कुठें ठेवलीस?"

कुंडींतील शेतीचें मर्म या बोलण्यांत आहे. जमिनींत मुळें हवीं तिकडे पसरतात. कुंडींत आपण देऊं तेवढेंच त्यांचें जग. यास्तव एक भाग चाळलेली तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत व एक भाग कुजलेला पालापाचोळा मिसळावा आणि कुंडीमागें मूठभर निंबोळी पेंड घालावी. हें मिश्रण ओलें करून मुठींत दाबलें असतां लाडू वळावा व टिचकी मारतांच तो फुटावा, ही त्याची परीक्षा. कुंडीच्या तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवावा. पाणी निघून जाईल, माती राहील.

पालापाचोळ्याचें खत घरींच होतें. छिद्रें पाडलेल्या पिंपांत वाळलेलीं पानें आणि भाजीचे देंठ व साली यांचे एकाआड एक थर द्यावे, आंबट ताकाचा हबका मारावा आणि आठवड्यांतून एकदां सर्व खालींवर करावें. पानें कमी पडलीं तर दुर्गंध सुटतो. ओल कमी पडली तर कुजणें थांबतें. दोन-तीन महिन्यांत काळसर भुरभुरीत खत तयार होतें. प्रयोग परिवाराचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (1924-2001) यांनीं अशाच टाकाऊ वस्तूंपासून सकस माती करण्याचा मार्ग अनेकांस दाखविला. या खताचा आणखी एक लाभ म्हणजे हलकेपणा. फूटभर लांब, रुंद व खोल अशा नुसत्या ओल्या मातीचें वजन चाळीस किलोंच्या वर जातें. हें ओझें गच्चीस सोसेल काय, याचा विचार आधीं करावा.

मेथी, पालक व कोथिंबीर यांस सहा-आठ इंच खोली पुरते; वांगें, टोमॅटो व मिरची यांस फूटभर हवी. पांच-सहा तास ऊन मिळालें पाहिजे. धने रगडून दोन फोडी करून पेरावे. वांग्या-मिरचीचीं रोपें महिन्याचीं झाल्यावर सायंकाळीं दुसऱ्या कुंडींत लावावीं. मृगाच्या सुमारास भेंडी, गवार व दोडका. दसऱ्यानंतर मेथी, मुळा व टोमॅटो, हा क्रम आमच्याकडे साधला. पाणी घालण्यापूर्वीं बोटाचें एक पेर मातींत खुपसून पाहावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी घालूं नये. आमच्या बऱ्याच कुंड्या कोरड्या मायेपेक्षां ओल्या मायेनेंच मेल्या! मावा पडल्यास लिटरभर पाण्यांत चमचाभर निंबोळी तेल व किंचित् साबण फेंटून फवारावें.

दुसऱ्या वर्षीं पेरणीनंतर महिन्याभरानें मेथीची पहिली जुडी निघाली. आठ माणसांच्या पंक्तींत ती प्रत्येकास घांसभर आली; बाजारची भाजी आम्हांस अजूनही आणावीच लागते. परंतु आतां सकाळीं चहाआधीं मातोश्री गच्चीवर असतात. नातवंडें पाण्याचा तांब्या घेऊन मागें उभीं राहतात, आणि कोणत्या कुंडीस आज पाणी नको, हें त्या बोट मातींत घालून सांगतात. ज्या घरीं असे जाणते हात रिकामे बसले असतील, त्यांनीं बीं आणण्यापूर्वीं त्यांच्यापुढें एक टोपलीभर माती नेऊन ठेवावी.