रिपोर्ट नॉर्मल आल्यावर
मनाची देखभाल : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण चिंतेविषयी बोललो. या वेळी नैराश्य, तेही अगदी सुरुवातीचं. आपल्याकडे ते बरेचदा पित्त, पाठदुखी नाहीतर डोकं जड होण्याची तक्रार घेऊन दवाखान्यात येतं. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात ईसीजी, सोनोग्राफी, शुगर. सगळं नॉर्मल. मग घरचे विचारतात, "तुला नेमकं झालंय तरी काय?"

अशा वेळी झोपेबद्दल विचारावं. "झोप लागते हो, पण पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही," हे उत्तर आलं तर कान टवकारावेत. अशा माणसाला पुष्कळदा सकाळ सर्वांत जड जाते, संध्याकाळी जरा हलकं वाटतं. घरचे नेमकं संध्याकाळीच भेटतात, म्हणून त्यांना काही जाणवत नाही.

दुसरी खूण आवडीची. टीव्हीवर मालिका चालू असते, पण लक्ष नसतं. भिशीला जाणं टळतं, बहिणीचा फोन वाजून वाजून थांबतो. आज भाजी कोणती करायची, एवढं ठरवतानाही दमछाक होते. पुरुषांत आणि तरुण मुलांत उदासीपेक्षा चिडचिड आधी दिसू शकते. कुणाचं पिणं वाढतं.

एखादा दिवस वाईट जाणं वेगळं. मन खिन्न असणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता यांतल्या तक्रारी, शिवाय "माझंच चुकलं" ही टोचणी. हे सगळं जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर गाठावा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच मरगळतो.

घरी काय करता येईल? उठायची वेळ रोज एकच ठेवा. सकाळच्या उजेडात वीस मिनिटं चाला. "उत्साह आला की करीन" म्हणून थांबू नका; नैराश्यात आधी हातपाय हलवावे लागतात, उत्साह मागून येतो. झोपेसाठी दारू घेऊ नका, तिच्यामुळे उत्तररात्रीची झोप उलट मोडते.

घरच्यांनी "सगळं तर आहे तुझ्याकडे" हे वाक्य टाळावं. त्याने टोचणी वाढते. शेजारी बसून ऐकावं. जगणं नकोसं वाटतंय का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर माणसाला एकटं सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा नंबर मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवू शकते, म्हणून बरेच जण तिथेच औषध सोडतात. तसं करू नका. त्रास डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलून देतील.

या आठवड्यात शंका येत असेल, तर वहीत रोज तीनच गोष्टी लिहा : जाग कधी आली, जेवण किती गेलं, दिवसभरात कशात मन रमलं. पुढच्या लेखांकात ही वही घेऊन डॉक्टरांशी पहिल्या भेटीत काय बोलायचं, ते पाहू.