सोनं जेव्हा रंग बदलतं

सोन्याचा रंग कोणता, असं विचारलं तर लहान मूलही 'पिवळा' म्हणेल. पण सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्येच अशा लाल द्रावणाचा अभ्यास मांडला होता. मला खरी गंमत वाटते ती पुढची. हे कण एकमेकांच्या जवळ आले, की तेच पाणी जांभळं होतं!

याचा औषधोपचाराशी काय संबंध? सांगतो. डीएनएचे दोन धागे जोडीनं राहतात. एका धाग्यावरची अक्षरं दुसऱ्यावरच्या ठरावीक अक्षरांशीच जुळतात. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये १३ नॅनोमीटरच्या सुवर्णकणांवर डीएनएचे छोटे धागे गंधकाच्या दुव्यानं बसवले. आपल्या केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीनं मावतील. या धाग्यांशी जुळणारा डीएनए द्रावणात आला, की तो कणांना एकत्र बांधतो आणि लाल पाणी जांभळं होतं. म्हणजे एखाद्या जंतूचा डीएनए डोळ्यांना दिसत नसला, तरी रंगावरून त्याची चाहूल लागते. एखादं अक्षर चुकलेलं असेल, तर जोडी कमी तापमानालाच सुटते. त्यामुळे ती चूकही पकडता येते.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन कमी पडलं तर गुठळीचं भय, जास्त झालं तर रक्तस्रावाचं. रुग्णाचं शरीर हे औषध कसं पचवतं, ते जनुकांवरून सांगणाऱ्या, सुवर्णकणांवर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली.

पुढचा प्रश्न अवघड होता. हे कण औषध वाहून नेतील का? मेंदूभोवतीचा रक्ताचा पहारा बहुतेक औषधांना आत सोडत नाही. २०२१ मध्ये मेंदूचा कर्करोग उलटलेल्या ८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डीएनएचं भावंड असलेल्या आरएनएचे धागे लावलेले सुवर्णकण शिरेतून दिले, तर ते गाठीपर्यंत पोचले होते.

पोचणं म्हणजे बरं करणं नव्हे, हे विसरू नका. आणि याची सुवर्णभस्माशी गल्लतही करू नका. इथं सोनं हा हमाल आहे. पत्ता ओळखण्याचं आणि औषधाचं काम त्याच्या अंगावरचे धागे करतात.