न भरणारी जखम आणि नगरचे ऊन

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. बाह्यत्वचेच्या तळच्या थरातून होणारा बेसल सेल कार्सिनोमा हळू वाढतो. तो शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण नाकाच्या किंवा डोळ्याच्या कडेला बसला तर ती जागा पोखरत जातो. स्क्वेमस सेल कार्सिनोमा वरच्या चपट्या पेशींचा असतो आणि वेळीच काढला नाही तर काखेतल्या, जांघेतल्या किंवा मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचतो. मेलानोमा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा. तो संख्येने सर्वांत कमी आणि स्वभावाने सर्वांत वाईट.

ऑस्ट्रेलिया किंवा उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत हे आजार प्रामुख्याने उन्हामुळे होतात. अहिल्यानगर जिल्ह्यात ऊन काही कमी नाही. अकोले तालुक्याचा डोंगरी पट्टा सोडला तर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो आणि वर्षातले कितीतरी महिने आभाळ मोकळे असते. नगर शहराच्या अक्षांशावर मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. तरीही भारतातल्या एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा जेमतेम एक टक्का, किंवा त्याहूनही कमी. याचे श्रेय त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याला. 1979 साली अमेरिकेत झालेल्या एका मोजणीत गोऱ्या बाह्यत्वचेतून अतिनील-बी किरणांचा सुमारे 24 टक्के भाग आत उतरला, काळ्या बाह्यत्वचेतून सुमारे 7 टक्के. इथल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचे संरक्षण या दोहोंच्या मधले धरायला हरकत नाही.

मग इथे हा रोग होतो तो कुठून? उत्तर अनेकदा जुन्या व्रणात सापडते. लहानपणी चुलीत पाय पडलेला असतो किंवा स्टोव्हच्या भडक्यात हात भाजलेला असतो. कातडी ताणून, आक्रसून भरते, सांध्याशी पुनःपुन्हा फाटते आणि बऱ्याचदा दोन-तीन दशकांनी त्याच जागी कडा उचललेली, घाण वासाची जखम होते. जाँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यविशारदाने 1828 साली अशा व्रणांचे वर्णन केले, म्हणून याला मार्जोलिन व्रण म्हणतात. मोठ्या भाजण्यावर सुरुवातीलाच कातडी लावून घेतली तर हा धोका बराच टळतो. ‘जखम आपोआप भरेल’ म्हणून वर्षे काढणे महागात पडते ते इथे.

कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायावरच्या जुनाट जखमांतूनही असा कर्करोग उद्भवतो. याच जिल्ह्यातल्या जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, बहुधा अल्पशिक्षित बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले गेले. अंगावरचा बधिर चट्टा ओळखून कुष्ठरोग लवकर हुडकणे हे त्यांच्या कामांपैकी एक. त्वचेचा कर्करोग शोधायलाही याहून वेगळे काही लागत नाही. महागडे यंत्र नको, माणसाचे अंग नीट पाहणारी नजर हवी.

तळपाय आणखी एका कारणाने पाहावा. सावळ्या लोकांतला मेलानोमा बहुतेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचा गायक बॉब मार्ले 1981 साली ज्या आजाराने गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेला मेलानोमाच होता. अनवाणी किंवा झिजल्या चपलेने रानात राबणाऱ्याला असा काळा डाग कुरूप वाटतो, बाभळीच्या काट्याची खूण वाटते. मग ब्लेडने कापणे, बिब्बा लावणे असे घरगुती प्रयोग चालतात. डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच डागात दोन-तीन रंग दिसत असतील किंवा नखातली काळी रेघ रुंदावत जाऊन नखालगतच्या कातडीवर उतरत असेल, तर त्याला ब्लेड लावू नये.

कंबरेचा कर्करोग तर खास आपल्याकडचा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 साली रूढींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला. धोतर एकाच जागी वर्षानुवर्षे कसून बांधल्याने कंबरेवर होणारा कर्करोग त्यात नोंदलेला आहे. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही तो दिसला. 2024 साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘साडी कॅन्सर’ असा गाजावाजा केला. दोष साडीचा नाही. परकराच्या आवळलेल्या बारीक नाडीचा, घामाचा आणि रोजच्या घासण्याचा आहे. आधी कंबरेवर काळा पट्टा उमटतो, मग कातडी सोलवटते, मग चीर पडून चिघळते. नाडीऐवजी रुंद पट्टी वापरावी, गाठीची जागा रोज बदलावी, घरी असताना सैल नेसावे. पुरुषांच्या करदोट्यालाही हेच लागू.

उन्हामुळे कर्करोग होण्याची सर्वांत जास्त भीती असते ती काही मोजक्या लोकांना. जन्मतःच ज्यांच्या अंगात रंगद्रव्य नसते त्यांना, आणि झिरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक आजाराच्या मुलांना. अतिनील किरणांनी पेशीतल्या डीएनएची जी मोडतोड होते ती दुरुस्त करण्याची यंत्रणाच या मुलांत अधू असते. चेहऱ्यावर लहानपणीच दाट ठिपके येतात, उजेडात डोळे उघडवत नाहीत आणि कोवळ्या वयात कर्करोग होऊ शकतो. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. म्हणून मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची चाल जिथे आहे तिथे त्याची शक्यता वाढते. अशा मुलांना दिवसा पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, काळा चष्मा आणि सनस्क्रीन हे सारे लागतेच. शाळेने त्यांना मैदानावरच्या प्रार्थनेतून आणि कवायतीतून सूट द्यावी. कोड असलेल्यांनीही पांढरे डाग झाकावेत, ते लवकर भाजतात.

बाकीच्यांचे ऊन काहीच करत नाही असे मात्र नव्हे. वांग गडद होतात, मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्याच्या पांढऱ्यावर मांस वाढते आणि खालचा ओठ सोलवटून कायमचा खरखरीत होतो. अशा ओठात तंबाखूची गोळी धरली की कर्करोगाची दोन कारणे एकाच जागी येतात. किरणांची तीव्रता गरमीवरून कळत नाही. जानेवारीच्या थंडीत ऊसतोड करतानाही ते लागतात, पातळ ढगांतूनही उतरतात आणि उंची वाढते तसे वाढतात, त्यामुळे 1,646 मीटरच्या कळसूबाईवर गार वाऱ्यातही चेहरा रापतो. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड झाली की किरण तीव्र आहेत.

मजुराला सनस्क्रीन परवडत नाही आणि घामाने ते टिकतही नाही. दर दोन तासांनी, तेही भरपूर लावावे लागते. म्हणून कापड पहिले. दाट विणीचे, गडद, सैल आणि कोरडे कापड उत्तम. विरळ पांढरा सुती सदरा भिजला की फारसे अडवत नाही. गांधी टोपीने टक्कल झाकते, कान, मान, नाक आणि ओठ उघडेच राहतात. त्या मानाने डोक्यावरून कानांपर्यंत ओढलेला पदर किंवा खाली सोडलेला पटका कितीतरी शहाणा.

निदान होते ते तुकडा काढून तपासल्यावर. ‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत गावोगाव ऐकू येते आणि तिच्यापायी पेशंट वेळ घालवतात. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. त्वचारोगतज्ज्ञ लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात आणि विळद घाटातल्या वैद्यकीय महाविद्यालयात भेटतात. जामखेडकडच्यांना बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय सोयीचे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली त्याच रुग्णालयात सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार बसतात. मान्यताप्राप्त रुग्णालयातला आरोग्यमित्र कागदपत्रांची वाट दाखवतो.

लहान गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह काढली की बहुतेक वेळा काम भागते. मोठ्या जखमेवर मांडीची कातडी लावतात. तळपायाचा रोग हाडात शिरला असेल तर पाय कापावा लागतो, आणि जयपूर फूट लावून माणूस पुन्हा शेतात उभा राहू शकतो. जामखेडच्या प्रकल्पात असे पाय बनवले जातात. हा आजार लागट नाही, रोग्याचे ताट-वाटी वेगळे काढण्याचे कारण नाही. एकदा झालेल्याला दुसऱ्या जागी होण्याची शक्यता मात्र जास्त असते, म्हणून पुढची निदान पाच वर्षे ठरल्या तारखांना दाखवत राहावे आणि दर महिन्याला जांघेत, काखेत, मानेत गाठ लागते का ते स्वतः चाचपावे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि त्यातले पुष्कळ लोक मार्च-एप्रिलपर्यंत गावी फिरकत नाहीत. महिनाभरात न भरलेली जखम, तळपायाचा वाढता काळा डाग किंवा भाजल्याच्या जुन्या व्रणावर पडलेली चीर घरात कुणाला असेल, तर कोयता बांधण्याआधी ती दाखवून घ्यावी.