ठरलेली माणसं – भाग 6 : कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर?

मागच्या आठवड्यात आपण मालिकांमधला डॉक्टर पाहिला. कधीही न चुकणारा, एकेका रोग्यासाठी अख्खा दिवस मोकळा असलेला. आज त्याच्याच दवाखान्यातून पुढे जाऊ. 'मार्कस वेल्बी, एम. डी.' ही एबीसी या अमेरिकी वाहिनीवर 1969 ते 1976 चाललेली मालिका. 1973च्या फेब्रुवारीतल्या एका भागात वेल्बींकडे एक गृहस्थ येतात. मधुमेह आहे, दारू वाढली आहे, संसार मोडायला आला आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी आपल्याला पुरुषांबद्दल वाटणारी ओढ आहे, ही धास्ती. प्रेमळ डॉक्टर धीर देतात : ओढीवर ताबा ठेवा, उपचार घ्या, सगळं ठीक होईल. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून काढून टाकलं. टीव्हीवरच्या सर्वज्ञ डॉक्टरांचा सल्ला दहा महिन्यांत शिळा झाला.

पुढच्या वर्षी याच मालिकेत शिक्षकाने विद्यार्थ्यावर अत्याचार केल्याची कथा आली. मुलांवर अत्याचार करणारा आणि समलिंगी पुरुष यांची त्यात अशी गल्लत होती की समलिंगींच्या संघटनांनी देशभर निषेध केला. काही जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं, काही स्थानिक केंद्रांनी तो भाग दाखवलाच नाही. जाहिरातदाराची भीती दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे यातून दिसलं. पुढे ती बहुतेक वेळा दुसऱ्याच बाजूने वापरली गेली.

गे माणसाचा साचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? लचकणारं मनगट, लाडिक आवाज, भडक शर्ट. 'मस्त कलंदर' (1991) मधला अनुपम खेरचा पिंकू ज्यांनी पाहिलाय त्यांना अधिक सांगायला नको. पण हा विनोदी कार्यक्रमातला आणि सिनेमातला साचा. गंभीर मालिकेतला गे पुरुष सहसा असा नसतोच. तो सुटाबुटात असतो, शिकलेला, देखणा, मृदू बोलणारा. त्यामुळे वरवर वाटतं, चला, इथे तरी थट्टा नाही. इथला साचा त्याच्या हातवाऱ्यांत नसतो, कथानक त्याला जे काम देतं त्यात असतो. आणि ते काम बहुतेक वेळा एकच : दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यात वादळ आणायचं आणि बाजूला व्हायचं.

याचा सर्वांत ऐसपैस नमुना म्हणजे 'डायनेस्टी'. जानेवारी 1981मध्ये एबीसीवर सुरू झाली, 1984–85च्या हंगामात अमेरिकेतली क्रमांक एकची मालिका ठरली, 1989मध्ये संपली. निर्माता ॲरन स्पेलिंग. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. डेन्व्हरचा तेलसम्राट ब्लेक कॅरिंग्टन, त्याची नवी बायको, जुनी बायको, मुलगी, आणि न्यूयॉर्कहून परतलेला मुलगा स्टीव्हन. स्टीव्हन गे आहे हे पहिल्याच हंगामात उघड होतं. त्या काळी एवढ्या लोकप्रिय मालिकेच्या मुख्य कुटुंबातलं पात्र असं असणं हे धाडसच होतं, ते श्रेय काढून घेऊ नये. पण धाडस केल्यावर लेखकांना त्याचं करायचं काय, हे कळेना.

पाहा काय काय झालं. न्यूयॉर्कमधला स्टीव्हनचा प्रियकर टेड त्याचा निरोप घ्यायला घरी येतो. ब्लेक दोघांना मिठीत बघतो, टेडला ढकलतो, टेडचं डोकं आपटतं आणि तो मरतो. पहिल्या हंगामाचा शेवट या खटल्यावर. आणि या खटल्याचा नाट्यमय उपयोग कशासाठी? ब्लेकची पहिली बायको ॲलेक्सिस साक्षीदार म्हणून कोर्टात अवतरावी, यासाठी. पुढच्या हंगामात जोन कॉलिन्सने ती भूमिका घेतली आणि मालिका तिचीच होऊन गेली. ब्लेक दोषी ठरतो, तुरुंगात मात्र जात नाही. बघता बघता तो पुन्हा मालिकेचा लाडका कुटुंबप्रमुख होतो. टेडची आठवण कुणी फारशी काढत नाही.

मग स्टीव्हन सॅमी जो नावाच्या मुलीशी लग्न करतो, त्याला मुलगा होतो. भूमिका करणारा अल कॉर्ली या पात्राच्या सतत फिरणाऱ्या आवडीनिवडींवर जाहीरपणे कुरकुरला आणि दोन हंगामांनंतर निघून गेला. त्यावर मालिकेने काढलेला तोडगा आपल्या मराठी मालिकांनाही लाजवील : जावा समुद्रातल्या तेलविहिरीवर स्फोट, स्टीव्हनचा चेहरा जळतो, प्लास्टिक सर्जरी होते आणि पट्ट्या निघतात तेव्हा आत जॅक कोलमन! नव्या चेहऱ्याचा स्टीव्हन पुन्हा एका बाईशी लग्न करतो. यावेळी निमित्त मुलाच्या ताब्याचं. 'गे मुलाच्या हाती नातू नको' म्हणून ब्लेक कोर्टात जातो. इथे लेखकांनी खऱ्या जगातल्या एका जखमेवर बोट ठेवलं होतं. पण खटला रंगतो तो बाप-लेकाच्या वैराचा.

अखेर स्टीव्हनला ल्यूक नावाचा जोडीदार मिळतो. मे 1985मध्ये मोल्डेव्हियाच्या राजपुत्राशी ॲमँडा कॅरिंग्टनचं लग्न लागत असताना बंडखोर गोळ्यांचा वर्षाव करतात आणि हंगाम तिथेच संपतो. उन्हाळाभर अमेरिका विचारत होती, कोण कोण मेलं? सगळे कॅरिंग्टन अंग झटकून उठले. ओळखीच्या पात्रांपैकी मेले दोघंच : ॲली मॅकग्रॉने रंगवलेली पाहुणी लेडी ॲशली आणि ल्यूक. व्हिटो रुसो या अभ्यासकाने 'सेल्युलॉइड क्लोजेट' हे पुस्तक लिहून हॉलिवूडच्या सिनेमांत समलिंगी पात्रं कशी ठरल्याप्रमाणे मरतात ते दाखवलं होतं. पुस्तक 1981चं, म्हणजे 'डायनेस्टी'च्याच जन्मवर्षाचं. टीव्हीने काही शिकल्याचं दिसत नाही.

याच मालिकेत एक वेगळीच गोष्ट पडद्याबाहेर घडत होती. ल्यूक आला त्याच हंगामात रॉक हडसन पाहुणा कलाकार म्हणून आला, ब्लेकच्या बायकोवर जीव टाकणारा देखणा मर्द म्हणून. हडसन स्वतः गे होता, आयुष्यभर ते लपवून वावरला, आणि तेव्हा एड्सने आजारी होता. जुलै 1985मध्ये आजार जाहीर झाला, 2 ऑक्टोबरला तो गेला. मधल्या काळात वर्तमानपत्रांना काळजी होती ती मालिकेत त्याने ब्लेकच्या बायकोचं काम करणाऱ्या लिंडा इव्हान्सच्या घेतलेल्या चुंबनाची. म्हणजे मालिकेत गे पुरुषाचं काम गे नसलेले दोन नट आळीपाळीने करत होते आणि खरा गे नट बाईवर प्रेम करण्याचा अभिनय करत होता. असा प्रसंग लेखकाने लिहिला असता तर निर्मात्याने 'अति होतंय' म्हणून खोडला असता.

आता पैशाच्या गणिताकडे येऊ. तेव्हा अमेरिकी वाहिन्यांची रीत अशी होती की एक भाग साधारण दोनदा दाखवायचा, एकदा हंगामात आणि एकदा उन्हाळ्यात. पहिल्या खेपेला खर्च कसाबसा भरून निघायचा, फायदा पुनःप्रक्षेपणात. नोव्हेंबर 1989मध्ये 'थर्टीसमथिंग' या मालिकेच्या एका भागात दोन पुरुष पलंगावर शेजारी शेजारी पडून गप्पा मारताना दिसले. चुंबन नाही, स्पर्श नाही, नुसत्या गप्पा, त्याही एड्सने गेलेल्या मित्रांच्या. तरी जाहिरातदार पळाले, एबीसीचं दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झालं आणि उन्हाळ्यात तो भाग पुन्हा दाखवलाच नाही. याचा धडा लेखक न सांगता शिकतात. उद्या कुणी असा प्रसंग लिहायला घेतला तर त्याला कुणी 'नको' म्हणत नाही, फक्त आकडा दाखवतात.

आणि मग 1994. वाहिनी फॉक्स, मालिका 'मेलरोज प्लेस', निर्माता पुन्हा ॲरन स्पेलिंग. मॅट हा समाजसेवक, सगळ्या मित्रमैत्रिणींच्या भानगडी निस्तरणारा. भोवतालचे सगळे दर आठवड्याला नव्या पलंगावर आणि मॅट मात्र फाइल हातात घेऊन उभा. हंगामाच्या शेवटच्या भागात तो एका पुरुषाचं चुंबन घेतो, अशी गाजावाजा झालेली बातमी होती. चित्रीकरणही झालं होतं. वाहिनी घाबरली. प्रत्यक्ष भागात दोघं जवळ येतात आणि त्या क्षणी कॅमेरा वळतो खिडकीतून बघणाऱ्या त्याच्या मित्राच्या, बिलीच्या चेहऱ्याकडे. चुंबन मॅटचं, पण प्रेक्षकाला दिसले ते बिलीचे विस्फारलेले डोळे, तेही संथ गतीत.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार त्या एका कटमध्ये आहे. गे माणसाच्या आयुष्यातला प्रसंग, आणि बघायचं काय तर तो पाहून दुसऱ्याला काय वाटलं! बापाचा संताप, आईचे अश्रू, बायकोचा धक्का, मित्राचा उदारपणा. सहानुभूतीने लिहिलेल्या मालिकाही यातून सुटत नाहीत, उलट त्यांत हे जास्तच आढळतं. 'कल हो ना हो' (2003) मधली कांताबेन आठवा. तिथे तर ती ज्या दोन मित्रांना जोडपं समजते त्यांपैकी कुणीही गे नाही, सगळा हशा कांताबेनच्या चेहऱ्यावर वसूल केलाय. वीस वर्षं तो सिनेमा टीव्हीवर लागतोय आणि वीस वर्षं आपण तिचाच चेहरा बघतोय.

पुढे कॅमेरा गे माणसाच्याच चेहऱ्याकडे वळला तो दोन वाटांनी. एक वाट हट्टाची. 'डॉसन्स क्रीक'चा लेखक ग्रेग बर्लांटी स्वतः गे. जॅक या पात्राचं चुंबन दाखवू दिलं नाही तर मालिका सोडीन, अशी तयारी ठेवूनच तो उतरला होता. 24 मे 2000 रोजी ते दिसलं आणि आकाश कोसळलं नाही. ब्रिटनमध्ये रसेल टी. डेव्हिसची 'क्वीअर ॲज फोक' त्याआधी, फेब्रुवारी 1999मध्ये चॅनल फोरवर आली होती. मँचेस्टरच्या कनाल स्ट्रीटवरचे स्टुअर्ट आणि विन्स ही काही आदर्श माणसं नव्हेत. स्टुअर्ट स्वार्थी आहे, बेदरकार आहे, आणि त्याचं नाथन या पंधरा वर्षांच्या मुलाबरोबरचं वागणं पाहताना अस्वस्थ व्हायला होतं. बेक्स या बिअर कंपनीने प्रायोजकत्व काढून घेतलं, आणि नाराजांत गे प्रेक्षकही होते : आमची बदनामी का, एड्सचा उल्लेख का नाही? डेव्हिसने आजार मुद्दाम बाहेर ठेवला होता, कारण तोवर गे पात्र आणि मृत्यू ही जोडी पक्की झाली होती. एड्सच्या काळाकडे तो वळला ते 2021मध्ये, 'इट्स अ सिन'मधून. आधी माणसं जगताना दाखवली, मग मरताना. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरी वाट पैशाची. एचबीओ वाहिनी वर्गणीवर चालते, तिला साबणवाल्याची मर्जी राखायची नसते. 2001 ते 2005 चाललेल्या 'सिक्स फीट अंडर'मधला डेव्हिड फिशर अंत्यविधीचा धंदा सांभाळणारा, चर्चमध्ये जाणारा, घाबरट आणि काटेकोर. त्याचा जोडीदार कीथ कृष्णवर्णीय पोलीस, तापट. पहिल्या हंगामात डेव्हिड घरच्यांना सांगतो, तो भाग उरकतो, आणि मालिका पुढे जाते. मग उरतात दोन माणसांची भांडणं, समुपदेशकाकडच्या खेपा, दत्तक घेतलेली दोन भावंडं. डेव्हिड कधी कधी चीड आणतो. टीव्हीवरच्या गे पुरुषाला चीड आणण्याचा हक्क मिळायला इतकी वर्षं लागली.

आपल्याकडे दोन्ही वाटा एकदम उघडल्या त्या ओटीटीवर. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं निष्प्रभ केलं आणि पुढच्या मार्चमध्ये 'मेड इन हेवन' आली. अर्जुन माथुरचा करण लग्नं जुळवून देणाऱ्यांच्या नव्हे, लग्नसमारंभ उभारणाऱ्यांच्या धंद्यात आहे. कर्जबाजारी आहे, मित्राशी एकेकाळी वाईट वागलेला आहे. घरमालकाच्या तक्रारीवरून त्याला 377खाली अटक होते, आणि कोठडीत कॅमेरा करणवरच राहतो. या भूमिकेसाठी माथुरला 2020मध्ये आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं.

संध्याकाळी सातनंतरच्या दैनंदिन मालिका मात्र आजही टीआरपी आणि जाहिरातीवर चालतात, म्हणजे 1989च्या एबीसीच्याच गणितावर. म्हणून वाचकांना एक विनंती. मराठी दैनंदिन मालिकेत असा एखादा गे पुरुष तुम्ही पाहिला असेल, ज्याला स्वतःची नोकरी आहे, स्वतःचं भांडण आहे आणि ज्याचं गुपित फुटणं हाच ज्याच्या गोष्टीचा शेवट नाही, तर मालिकेचं नाव आणि वर्ष कळवा. पुढच्या भागात आपण खलनायिका सासूकडे वळणार आहोत, पण तुमच्या पत्रांसाठी जागा राखून ठेवली आहे.