उन्हामागे शंभर मैल

कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावातून घाटरस्त्याने वर गेलं, की साधारण नऊ हजार फुटांवर वॉल्ट्स पॉइंट लागतो. हँग ग्लायडरवाल्यांची ही जुनी, नावाजलेली जागा. पायाखाली ओवेन्स व्हॅली पसरलेली. पश्चिमेला, म्हणजे आपल्या पाठीशी, सिएरा नेवाडा. दरीपलीकडे इन्यो पर्वत आणि त्याच्या उत्तरेला व्हाइट माउंटन्स. दोन्ही बाजूंना चौदा हजार फुटांवरची शिखरं आणि दरीचा तळ मात्र जेमतेम चार हजारांवर. मी मूळचा पुण्याचा. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकलो, पुढे इकडे आल्यावर हँग ग्लायडर धरलं. लोक विचारतात, इंजिन नाही तर इतक्या लांब जाता कसे? उत्तर सगळं उन्हात आहे.

हँग ग्लायडर म्हणजे नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि खाली त्रिकोणी दांडी. वजन तीस-पस्तीस किलो. पायलट पोटावर आडवा लटकतो आणि अंग डावी-उजवीकडे सरकवून वळतो. चांगलं ग्लायडर एक फूट खाली येईपर्यंत पंधरा फूट पुढे जातं. म्हणजे हजार फूट उंची खर्चली की साडेचार किलोमीटर. ही उंची पुन्हा कमवायची ती थर्मलमधून. ऊन खडकावर पडतं, खडक तापतो, त्याला लागलेली हवा तापून हलकी होते आणि वर सुटते. घारी तिच्यातच गोल फिरत चढतात, आम्हीही तेच करतो. कानाशी व्हॅरिओ हे यंत्र असतं. चढ मिळाला की ते टिवटिवतं, आणि चढ जितका जोराचा तितकी त्याची लय जलद.

आता मार्ग बघा. सिएराचे कडे पूर्वेकडे तोंड करून उभे आहेत, म्हणून सकाळचं ऊन आधी त्यांना मिळतं. उड्डाण तिथूनच. माउंट व्हिटनी डावीकडे ठेवत, एकेका सोंडेवरून उंची घेत उत्तरेला सरकायचं. दुपार कलायला लागली की हे कडे सावलीत जायला लागतात आणि पलीकडच्या व्हाइट माउंटन्सचे पश्चिम उतार तापतात. मग दरी ओलांडून तिकडे जायचं. ऊन जिथे सरकेल तिथे आपण सरकायचं.

ओलांडायला उशीर करून चालत नाही. दुपारी पश्चिमेचा वारा सिएराच्या माथ्यावरून या बाजूला कोसळतो आणि आडोशाच्या हवेत प्रचंड भोवरे उठतात. त्यांना रोटर म्हणतात. १९५०च्या दशकात बिशप गावाहून, डोंगर ओलांडणाऱ्या वाऱ्यात उठणाऱ्या हवेच्या लाटांचा, म्हणजे डोंगरलाटांचा, शास्त्रीय अभ्यास झाला. १९५२मध्ये लॅरी एडगर आणि हॅरल्ड क्लीफोर्थ दोन आसनी, बिनइंजिनाच्या सेलप्लेनमधून ४४ हजार फुटांपलीकडे गेले. त्याच एडगरांचं सेलप्लेन १९५५मध्ये रोटरमध्ये सापडून हवेतच तुटलं. पॅराशूटमुळे ते वाचले. ते सेलप्लेन तर बंद कॉकपिटचं, मजबूत विमान होतं. त्यामुळे सिएराकडून चढ कितीही छान मिळत असला, तरी वेळ झाली की तो सोडायचा. मला विचाराल तर या उड्डाणातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे.

दरीवर मध्ये काहीच मिळत नाही. बिग पाइनच्या आसपास ओलांडताना व्हॅरिओ उतरतीचा एकसुरी आवाज काढत राहतो. खाली ३९५ नंबरचा हायवे आणि नदीची हिरवी रेघ, आणि समोरचा डोंगर उंच होत गेल्यासारखा दिसतो, कारण आपण खाली जात असतो. पायथ्याच्या एखाद्या तपकिरी सोंडेवर पहिला धक्का बसतो, डावा पंख उचलला जातो. त्याच बाजूला वळायचं. पंख उचलतो तिकडेच थर्मल असतो. नीट सापडला तर काही मिनिटांत पुन्हा शिखरांच्या वर. तळाशी चाळीस अंशांचा उन्हाळा असला तरी वर बोटं गोठतात, म्हणून जाड हातमोजे आणि नाकाला ऑक्सिजनची नळी. अठरा हजार फुटांची कायद्याची मर्यादा आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, आणि विरळ हवेत माणसाची पारख मंदावते ती त्याला स्वतःला कळत नाही. व्हाइट माउंटन्सच्या माथ्यावर ब्रिसलकोन पाइन आहेत, त्यांतले काही साडेचार हजार वर्षांहून जुने. वरून नुसते ठिपके दिसतात, तरी मी दरवेळी पाहतोच.

बाउंड्री पीक आला की सुरुवातीपासून जवळजवळ शंभर मैल झाले आणि पुढे नेवाडा राज्य. १९८३मध्ये लॅरी ट्यूडर याच दरीतून निघून २२१ मैल गेले होते. तो त्या वेळचा जागतिक विक्रम. पुढे विक्रमवीर सपाट प्रदेशात गेले. २०१२मध्ये डस्टिन मार्टिन टेक्सासमधल्या झपाटाहून ७६४ किलोमीटर उडाले. आकडा मोठाच आहे. पण मैदानात वाऱ्याला पाठ देऊन जाता येतं. इथे दर दहा मैलांना नवा डोंगर वाचावा लागतो, आणि म्हणून माझा जीव या दरीवर जडला आहे.

संध्याकाळी झुडपांच्या हलण्यावरून वाऱ्याची दिशा बघायची, तारा आणि कुंपण टाळून मोकळा पट्टा धरायचा, जमिनीलगत दांडी जोरात पुढे ढकलायची. नाक वर जातं, पंख हवा सोडतो, पाय टेकतात. लगेच ग्लायडर वाऱ्याच्या रोखाने वळवून नाक खाली टेकवायचं, नाहीतर एक झोत ते उलथवतो. मग रेडिओ. खालून गाडी घेऊन येणाऱ्या बायकोचा प्रश्न ठरलेला असतो : "कुठल्या रस्त्याला आहेस, आणि फाटक उघडं आहे का?"