जुन्या बाजारातील ठेवा : किंमत वस्तूची आणि तिच्या इतिहासाची

जुने घर रिकामे करायची वेळ आली की तांब्या-पितळेची भांडी मोडीत जातात, कागदपत्रे रद्दीत जातात आणि लाकडी सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. त्यातीलच एखादी वस्तू काही महिन्यांनी पुराणवस्तूंच्या दुकानात कितीतरी पट किमतीला मांडलेली दिसते. वस्तू तीच, धातू तोच, वजनही तेच. मग मधल्या प्रवासात बदलते ते काय? या प्रश्नाच्या उत्तरात जुन्या वस्तूंच्या बाजाराचे सारे अर्थकारण दडलेले आहे. घर रिकामे करणारा आणि जुन्या बाजारात हौसेने फिरणारा, या दोघांचेही हित त्या उत्तराशी जोडलेले आहे.

अमेरिकेत मालकाच्या निधनानंतर घरातील सर्व सामान त्याच घरात मांडून विकले जाते. या विक्रीला ‘इस्टेट सेल’ म्हणतात. नको असलेल्या वस्तू अंगणात किंवा गाडीखान्यात मांडल्या की ती ‘गॅरेज सेल’ ठरते. भारतात ही प्रथा फारशी रुजली नाही. येथे हेच काम भंगारवाले, रद्दीवाले, आठवडी जुने बाजार आणि थोडी लिलावगृहे करतात. मुंबईत मटन स्ट्रीट व आसपासचा चोर बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे शुक्रवारी नेहमीची दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. पुण्यात जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. अहमदाबादेत साबरमतीकाठची गुजरी रविवारी भरते. तिची परंपरा थेट सुलतान अहमदशहाच्या काळापर्यंत नेली जाते. कोलकात्यात रसेल स्ट्रीटवरील ‘रसेल एक्स्चेंज’ हे १९४० मध्ये सुरू झालेले लिलावगृह घरगुती सामानाच्या लिलावासाठी ओळखले जाते. तमिळनाडूत कारैकुडी येथे चेट्टियार व्यापाऱ्यांच्या वाड्यांतून निघालेले ब्रह्मी सागाचे दरवाजे, खांब आणि इनॅमलची भांडी विकणारी दुकानेच्या दुकाने आहेत.

या बाजारांतील वस्तू बहुधा अनेक हातांतून आलेली असते. घरातून ती फेरीवाल्याकडे जाते, त्याच्याकडून भंगाराच्या वखारीत, तेथून पारख असलेल्या व्यापाऱ्याकडे, मग दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे आणि शेवटी दुकानात. प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते. त्याच वेळी वस्तूविषयीची माहिती मात्र घटत जाते. घंगाळ कोणत्या गावच्या तांबटाने घडवले, पेटी कोणाच्या लग्नात आली, छायाचित्रातील माणसे कोण, हे पहिल्या हातालाच ठाऊक असते. तिसऱ्या हाताला त्यातले काहीही उरत नाही.

चंडीगडच्या खुर्च्यांचा धडा

माहिती हरवल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे ठळक उदाहरण चंडीगडचे आहे. १९५० च्या दशकात हे शहर उभे राहिले, तेव्हा तेथील कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ आणि सरकारी निवासस्थाने यांच्यासाठी लाकडी सामान खास आखून घेण्यात आले. त्यात वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांचे सहकारी पिएर जानरे यांचा वाटा मोठा होता. सागाची चौकट, वेताची विणलेली बैठक आणि उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखे पाय असलेली खुर्ची ही त्यांतली सर्वांत परिचित वस्तू. पुढे पोलादी आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. जुन्या खुर्च्या निकामी ठरवल्या गेल्या, गच्चीवर रचल्या गेल्या आणि सरकारी लिलावांत भंगाराच्या भावाने विकल्या गेल्या.

युरोप-अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, लंडन व न्यूयॉर्कच्या लिलावांत मांडल्या. तेथे त्यांना लाखो रुपयांचे भाव मिळू लागले. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीला आणि लिलावाला मनाई केली. चंडीगडमध्ये उरलेल्या सामानाची मोजदाद करून १२ हजारांहून अधिक वस्तूंची यादी तयार करण्यात आली. तोवर पुष्कळ सामान देशाबाहेर गेले होते.

या प्रकरणातील एक तपशील विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. या खुर्च्यांवर कार्यालयाचे संक्षिप्त नाव आणि नोंदवहीतील क्रमांक रंगाने लिहिलेला असे. कारकुनी सोयीसाठी लिहिलेला हा क्रमांकच आता अस्सलपणाचा मोठा पुरावा मानला जातो. बनावट खुर्च्या करणारेही म्हणूनच तसे क्रमांक रंगवतात. लाकडाइतकेच मोल त्या चार अक्षरांना आले, कारण वस्तू कोठून आली हे ती सांगतात.

सापडलेला खजिना आणि हरवलेली मालकी

वस्तूच्या मालकीच्या अखंड इतिहासाला कलाबाजारात फार महत्त्व आहे. मराठीत त्याला वस्तूची वंशावळ म्हणता येईल. अमेरिकेतील दोन घटना त्याचे महत्त्व दाखवतात. न्यूयॉर्क राज्यातील एका कुटुंबाने २००७ मध्ये अशाच घरगुती विक्रीतून एक लहान पांढरा वाडगा ३ डॉलरना घेतला. तो दिवाणखान्यात ठेवलेला असे. तपासणीत तो चीनमधील उत्तर सुंग काळातील, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा निघाला आणि २०१३ मध्ये सदबीज लिलावगृहात २२ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला.

दुसऱ्या घटनेचा शेवट वेगळा झाला. पश्चिम व्हर्जिनियातील बाजारात अवघ्या ७ डॉलरना घेतलेल्या सामानात फ्रेंच चित्रकार रेन्वार यांचे एक लहानसे निसर्गचित्र असल्याचा दावा २०१२ मध्ये पुढे आला. लिलावाची तारीख ठरली. त्यानंतर हे चित्र १९५१ मध्ये बाल्टिमोर येथील कलासंग्रहालयातून चोरीला गेल्याच्या नोंदी सापडल्या. लिलाव थांबला आणि २०१४ मध्ये न्यायालयाने ते संग्रहालयाला परत देण्याचा निर्णय दिला. साठ वर्षांपूर्वीच्या संग्रहालयीन नोंदींनी येथे मालकी ठरवली. चोरलेली वस्तू किती हातांतून गेली, यावरून ती विकणाऱ्याची होत नाही.

भारतात हा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण मंदिरांतील मूर्तींची चोरी हा येथे जुना रोग आहे. तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरलेली नटराजाची कांस्यमूर्ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख डॉलरना विकत घेतली होती. सोबतची मालकीची कागदपत्रे बनावट होती. २०१४ मध्ये मूर्ती भारताला परत मिळाली. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या संस्थेचीही जेथे फसगत होते, तेथे जुन्या बाजारातील सामान्य ग्राहकाने जुन्या मूर्तीबाबत दुप्पट सावध असणे गरजेचे आहे.

अस्सल की बनावट?

बाजारात जुने म्हणून विकले जाणारे सारेच जुने नसते. चकचकीत पितळी कर्णा आणि कुत्र्याचे चित्र असलेला ग्रामोफोन हा त्याचा नेहमीचा नमुना. अशी अनेक यंत्रे नवा कर्णा, नवी पेटी आणि इकडून-तिकडून गोळा केलेले सुटे भाग जोडून तयार केलेली असतात. जुन्या यंत्रात पेटीचे लाकूड, चावी, ध्वनिपेटी आणि कर्णा यांची झीज एकमेकांशी जुळते. नव्या जोडणीत ती जुळत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीबाबतही घाई नको. लाखेच्या मिश्रणाच्या या तबकड्या जड आणि ठिसूळ असतात. पण भारतात त्या १९६० च्या दशकापर्यंत निघत होत्या. केवळ ७८ फेऱ्यांची आहे म्हणून तबकडी शंभर वर्षांची ठरत नाही. चिठ्ठीवरील मजकूर आणि चिठ्ठीजवळ कोरलेला क्रमांक यांवरून तिचा काळ कळतो.

राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांना महाराष्ट्रात आणि बाहेरही मोठी मागणी आहे. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेथील चित्रे दगडी शिळांवरून, प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून छापली जात. भिंगातून पाहिल्यास अशा छपाईत अनियमित, बारीक कण दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत ठरावीक अंतरावरील ठिपके फुलाच्या आकारात मांडलेले दिसतात. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागदही या ठिपक्यांना लपवू शकत नाही.

धातूच्या भांड्यात हात लागतो तेथे, म्हणजे कडी, काठ आणि बूड येथे, झीज अधिक असते. सर्वत्र सारखा काळपटपणा बहुधा रसायनाने आणलेला असतो. लाकडी सामानाची परीक्षा पुढून करण्यापेक्षा मागून करावी. खणाच्या पाठीमागील हाताने तासलेल्या खुणा आणि सांध्यांच्या असमान खाचा खऱ्या वयाची साक्ष देतात. जुन्या वस्तूला मिळताच घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह टाळावा, कारण वर्षानुवर्षे साचलेला थर गेला की वयाचा पुरावाही जातो.

नाण्यांचा व्यवहार तर फसवणुकीचे हमखास क्षेत्र बनले आहे. एका बाजूला राम, हनुमान अशी देवतांची चित्रे आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १६१६, १७१७, १८१८ अशी साले असलेली नाणी कंपनीने कधीही चलनात आणली नव्हती. अशी नाणी तांदूळ खेचतात, असे सांगून मोठ्या रकमा उकळल्या जातात. जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी आपल्या नावाने शुल्क किंवा दलाली मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचे आवाहन रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये केले होते.

कायदा काय सांगतो?

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा या क्षेत्रातील मुख्य कायदा असून तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. किमान १०० वर्षे जुनी शिल्पे, चित्रे, नाणी, शिलालेख, कलाकुसरीच्या व ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू यांना पुरावस्तू मानले जाते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मूल्य असलेली हस्तलिखिते व दस्तऐवज यांच्यासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तू बाळगणे हा गुन्हा नाही. मात्र मूर्तिशिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांसारख्या अधिसूचित प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि नोंदणीकृत वस्तूची मालकी बदलल्यास तसे कळवावे लागते. पुरावस्तू विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो.

खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. या नियमाचा भंग केल्यास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे. परदेशी स्थायिक झालेली मुले आजीच्या देव्हाऱ्यातील मूर्ती सोबत नेऊ पाहतात, तेव्हा हा नियम त्यांनाही लागू होतो. वस्तू तितकी जुनी नसल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधीच घेता येते. राजा रविवर्मा, रवींद्रनाथ ठाकूर, अमृता शेरगिल, जामिनी रॉय आदी ९ कलावंतांच्या कलाकृती कलानिधी म्हणून जाहीर झाल्या आहेत. त्यांचे वय कितीही असले तरी त्यांची निर्यात होऊ शकत नाही.

जुन्या वाड्यांत सापडणाऱ्या दोन गोष्टींना वेगळे कायदे लागू होतात. हस्तिदंती वस्तू आणि शिकारीत मिळवलेली कातडी, शिंगे यांची विक्री वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येते. मालकीचे प्रमाणपत्र असले तरी ती विकता येत नाहीत. जमिनीत पुरलेला धनसाठा सापडल्यास १८७८ च्या निखात-निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

या साऱ्या चौकटीत एक मोठी फट उरते. शंभर वर्षे न झालेल्या वस्तूला पुरावस्तूचे संरक्षण मिळत नाही, आणि चंडीगडच्या खुर्च्या नेमक्या याच फटीतून बाहेर गेल्या. विसाव्या शतकातील घरगुती वस्तू, छायाचित्रे, जाहिराती, नाटकांची हस्तपत्रके, कारखान्यांची यंत्रे यांचे भवितव्य आजही बहुतांशी त्या विकणाऱ्याच्या जाणिवेवर अवलंबून आहे.

घर रिकामे करण्यापूर्वी

या जाणिवेतून काय उभे राहू शकते, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिसते. दिनकर केळकर यांनी अनेक दशके भटकंती करून अडकित्ते, दिवे, दौती, भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातील सुमारे २० हजार वस्तू जमवल्या आणि पुढे तो संग्रह राज्य शासनाला दिला. यातील बहुतेक वस्तू त्या काळी कोणालाही मोलाच्या वाटत नव्हत्या.

कागदपत्रांबाबत मराठी कुटुंबांची जबाबदारी आणखी मोठी आहे. महाराष्ट्राबरोबरच बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर येथील जुन्या घराण्यांकडे मोडी लिपीतील पत्रे, हिशेब आणि वतनाचे कागद असू शकतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात. पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था किंवा जवळचे पुराभिलेखागार यांना ते दाखवण्यास फारसा खर्च येत नाही. एकदा लगदा झालेला कागद मात्र परत मिळत नाही.

घर रिकामे करताना काही साध्या गोष्टी पुरेशा आहेत. सामान हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत. वस्तूवरील नाव, शिक्का, क्रमांक किंवा कोरलेला मजकूर पुसू नये. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून वस्तू कोणाची, कोठून आणि केव्हा आली, याची चिठ्ठी तिच्यासोबत ठेवावी. छायाचित्रांच्या पाठीमागे माणसांची नावे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. जुनी पावती, हमीपत्र किंवा मूळ खोके असल्यास ते वेगळे करू नये. विकत घेणाऱ्यानेही विक्रेत्याचे नाव, दिनांक आणि वस्तूचे वर्णन असलेली पावती आग्रहाने मागावी. पावती द्यायला नकार मिळाला, तर ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी न घेतलेली बरी.

अशी चिठ्ठी लिहायला पाच मिनिटे लागतात. समई नंतर घरात राहिली, नातेवाइकाकडे गेली, संग्रहालयात पोहोचली किंवा बाजारात विकली गेली, तरी ती कोणाच्या घरातली हे त्या चिठ्ठीमुळे पुढच्या माणसाला कळते. चिठ्ठी नसेल, तर वजनकाट्यावर तिची गणना केवळ काही किलो पितळ म्हणून होते.