प्रतीक्षागीताचें मंगलाष्टक

गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवली, म्हणजे मींडेसारखा जो लांबट, आर्जवी सूर निघतो, तो आपणां भारतीय श्रोत्यांस अपरिचित नाहीं. व्हॅन शिपले यांनीं याच वाद्यावर हिंदी चित्रपटगीतें वाजवून त्यांच्या तबकड्या काढल्या होत्या. हें वाद्य मूळचें हवाई बेटांचें. तेथील एका गीताची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे.

‘हवाईयन वेडिंग साँग’, म्हणजे हवाईचें विवाहगीत, या नांवानें तें जगभर ओळखलें जातें. मौज अशी कीं, मूळ गीत विवाहाचें नव्हेच! चार्ल्स किंग यांचें हें गीत १९२६ मधलें. त्याचें नांव ‘के काली नेई आऊ’. अर्थ, ‘मी वाट पाहत आहें’. स्त्रीपुरुषांनीं मिळून गावयाचें तें प्रेमगीत. हेलन डेशा बीमर व सॅम कापू यांनीं १९२८ सालीं कोलंबिया कंपनीसाठीं तें ध्वनिमुद्रित केलें.

त्या काळीं हवाई भाषेवर कठीण प्रसंग होता. १८९३ सालीं तेथील राणीचें राज्य उलथलें आणि १८९६ च्या कायद्यानें शाळांतून इंग्रजीच शिक्षणाचें माध्यम झाली. अशा वेळीं, हवाई गीत हवाई भाषेंतच असावें, असा किंग यांचा आग्रह होता.

१९५० सालीं किंग वारले. पुढच्याच वर्षीं बिंग क्रॉस्बी यांनीं ही चाल ‘हिअर एंड्स द रेनबो’ या निराळ्या इंग्रजी गीताच्या रूपानें गायिली. १९५८ सालीं अल हॉफमन व डिक मॅनिंग यांनीं तिच्यावर विवाहाचे इंग्रजी शब्द बसविले. अँडी विल्यम्स यांची तबकडी १९५९ सालीं अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत अकराव्या क्रमांकास पोहोंचली. १९६१ च्या ‘ब्लू हवाई’ चित्रपटांत एल्व्हिस प्रेस्ली यांनीं तें शेवटच्या विवाहप्रसंगीं गायिलें. मग काय विचारतां! गीत आणि लग्नमंडप यांची गांठ कायमची पडली.

आपल्याकडील एखाद्या विरहिणीच्या चालीवर कोणी मंगलाष्टकें रचावीं आणि पुढें मूळ विरहिणी विसरली जावी, तसाच हा प्रकार. इंग्रजी शब्दांमुळें चाल जगभर गेली, हा लाभ खराच. परंतु ज्या भाषेसाठीं किंग झटले, तीच त्या प्रवासांत मागें राहिली, ही हानि लहान नव्हे.

१९७८ सालीं हवाई भाषेस राज्यघटनेनें अधिकृत भाषेचें स्थान दिलें. म्हणून एक विनंति आहे. आधीं १९५९ ची तबकडी ऐकावी आणि मग १९२८ ची. चाल एकच, परंतु पहिलींत मीलन झालेलें आहे, आणि दुसरींत कोणी अजून वाट पाहत आहे.